दगडापासून 'मी'पर्यंत किती पायऱ्या? एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

प्रश्न असा आलाय की दगड, विषाणू, झाड, खेकडा, कुत्रा, माणूस आणि आता एआय, हे सगळे एका रांगेत उभे करून प्रत्येकाला लेव्हल नंबर द्यायचा तर कसा द्यायचा, आणि स्वतःची जाणीव ही शेवटची लेव्हल धरायची का तिच्याही वर काही आहे. विचारणारा फिजिक्सचा विद्यार्थी आहे, त्यानं सात पातळ्यांचा तक्ता पण बनवून पाठवलाय, तळाला अणू-रेणू, टोकाला माणूस. तक्ता मेहनतीनं केलाय, पण मी त्यावर लाल पेन चालवणार आहे, राग मानू नका.

मी नागपुरात भूलतज्ज्ञ आहे. फिलॉसॉफीची डिग्री नाही माझ्याकडे, पण माणसाची जाणीव बंद करायची, ती बंद असताना बाकीचं शरीर चालू ठेवायचं आणि मग जाणीव परत आणायची, हेच रोजचं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे या विषयात हवेत बोलता येत नाही, समोर मॉनिटर असतो.

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. अशी रांग लागत नाही. आपण पायऱ्या मोजताना वस्तू मोजतो, दगड, झाड, कुत्रा, माणूस, आणि मोजायला हव्यात त्या क्षमता. क्षमता चार आहेत असं मी धरतो. एक, हे स्वतःला टिकवून धरतं का. दोन, बाहेर काही झालं की प्रतिसाद देतं का. तीन, त्याला आतून काही वाटतं का. चार, 'हे मला वाटून राहिलंय' हे त्याला कळतं का. या चारही एकमेकींपासून सुट्या होतात, एक असते आणि दुसरी नसते, एक जाते आणि दुसरी राहते, आणि हे सगळं एकाच माणसात एकाच सकाळी पाहता येतं. त्यामुळे सरळ जिना काढला की कुठंतरी फसतोच.

जुन्या लोकांनी काय केलं ते पण पाहून घेऊ, काहून की तक्त्यात त्यांची नावं टाकलेली आहेत. ॲरिस्टॉटलचा जिना सगळ्यांना माहीत आहे, वनस्पतीत पोषण-वाढीचा आत्मा, प्राण्यात त्यावर संवेदनेचा, माणसात त्यावर बुद्धीचा, वरच्यात खालचे सगळे धरलेले. तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश मात्र या जिन्याला जोडू नका. अन्नमय म्हणजे दगड, प्राणमय म्हणजे झाड, मनोमय म्हणजे प्राणी असं चित्र फॉरवर्ड होत असतं, ते चूक आहे. ते पाचही कोश एकाच माणसाचे आहेत, एकाच्या आत एक. सांख्यांचं तर अजून वेगळं, त्यांच्या पंचवीस तत्त्वांत मन, बुद्धी, अहंकार हे सगळे प्रकृतीच्या बाजूला पडतात, म्हणजे जड. आपण जिथं रेघ मारतो, पदार्थ खाली आणि मन वर, तिथं ते रेघच मारत नाहीत, त्यांची रेघ पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांच्यामध्ये आहे. मला ही रेघ जास्त हुशारीची वाटते.

सगळ्यात कामाची मांडणी मला जैनांची वाटते आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. इतवारीतला माझा एक जैन मित्र सर्जन आहे, त्याच्यामुळे मी ती नीट वाचली. तत्त्वार्थसूत्रात जीवांची विभागणी इंद्रियांवरून आहे. एक इंद्रिय, म्हणजे नुसता स्पर्श, असलेल्यांत झाडं येतात आणि पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांची काया असलेले जीवही येतात. मग कृमी दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, भुंगा चार, माणूस वगैरे पाच, एकेक वाढत जातं. जीवशास्त्र म्हणून हे आज जुळत नाही, मुंगीला डोळे असतात. पण गंमत पुढच्या सूत्रात आहे. मन असलेले ते संज्ञी, असं वेगळं सांगितलंय. म्हणजे पाचही इंद्रियं असून एखादा असंज्ञी असू शकतो. इंद्रियांची मोजणी एका अक्षावर आणि मन दुसऱ्या अक्षावर! तुमच्या सात पातळ्यांच्या तक्त्यापेक्षा हे पुढचं काम आहे.

आता दगड. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा पाषाण घ्या, लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना. तो फोडला तर दोन दगड होतात, दोन्ही तितकेच दगड. त्याचं काही बिघडलं असं म्हणताच येत नाही, कारण त्याच्या बाजूनं बरं-वाईट असं काही नाहीच. बॅक्टेरियाचं कवच फोडा, तो मेला. अणू तेच आहेत दोन्हीकडे, कार्बनला कुठं वेगळा जीवनरस लागलेला नसतो, वोलर नावाच्या जर्मन केमिस्टनं १८२८ मध्ये मूत्रपिंडाशिवाय, नळीतच युरिया बनवला तेव्हाच तो वाद खिळखिळा झाला. फरक इतकाच की पेशीला आत आणि बाहेर आहे आणि ते आतलं टिकवायला ती सतत खर्च करत असते. तिथं पहिल्यांदा जगात 'याच्यासाठी चांगलं' आणि 'याच्यासाठी वाईट' असा प्रकार सुरू होतो. माझ्या मते पदार्थ आणि मन यांच्यातल्या रेघेपेक्षा ही रेघ मोठी आहे, आणि तुमच्या तक्त्यात ती दोन आणि तीन नंबरच्या मध्ये कुठंतरी दबून गेलीय.

विषाणू यात बसत नाही हे मान्य. स्टॅन्ली नावाच्या अमेरिकन केमिस्टनं १९३५ मध्ये तंबाखूच्या पानावरच्या विषाणूचे स्फटिक केले, साखरेसारखे बाटलीत ठेवता येणारे, आणि ते स्फटिक पाण्यात विरघळवून पानाला लावले की पान पुन्हा आजारी. तो पेशीबाहेर पदार्थ आहे, पेशीत गेला की हिशोब बदलतो.

प्रतिसादाकडे येऊ. पोटातला ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया साखरेच्या दिशेनं पोहतो, म्हणजे थोडा सरळ जातो, गडबडतो, दिशा बदलतो, परत जातो, आणि आत्ताची साखर काही सेकंदांपूर्वीच्या साखरेपेक्षा जास्त आहे का कमी हे रसायनांनी ताडून पाहतो. मेंदू नाही, नस नाही, तरी तुलना आहे आणि चिमूटभर आठवण पण आहे. याला कुणी मन म्हणू नये, आणि कुणी काहीच नाही असं पण म्हणू नये.

झाडांच्या बाबतीत एक प्रयोग आहे जो मी शिकवायला उभा राहिलो की हमखास सांगतो. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं लाजाळूच्या रोपाला ईथर दिलं. आपण तेव्हा माणसांना द्यायचो तेच ईथर, ज्याचा बॉस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ ला जाहीर प्रयोग झाला होता. काचेच्या हंडीत रोप, आत ईथरची वाफ, थोड्या वेळानं बोट लावलं तर पानं मिटेनात. हवा मोकळी केली, रोप परत लाजायला लागलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच नव्यानं पाहिलं, लाजाळू, कीटक पकडणारा व्हीनस फ्लायट्रॅप, मटाराच्या वेलीचे आधार शोधत वळणारे धागे, सगळे भुलीच्या औषधानं थांबतात आणि औषध गेलं की चालू होतात.

हे सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणतं, म्हणजे झाडाला जाणीव आहे, नाहीतर भूल कशाला चढेल? थांबा जरा. लाजाळूचं पान मिटतं ते कसं, तर स्पर्शानं विजेचा एक संदेश देठाकडे जातो, देठाच्या बुडाशी फुगीर भाग असतो त्यातल्या पेशी पोटॅशियम आणि पाणी बाहेर सोडून देतात, एक बाजू ढिली पडते, पान खाली. जगदीशचंद्र बोसांनी झाडांमधले असे विजेचे संदेश शंभर वर्षांपूर्वी मोजले. ईथर हा संदेशच अडवतं. माणसात जे विजेचे संदेश अडले की जाणीव जाते, तसलेच संदेश झाडात अडले की पान मिटणं जातं. बंद पडली ती दुसऱ्या नंबरची क्षमता, तिसरी तिथं होती का नव्हती याबद्दल प्रयोग काहीच बोलत नाही. प्रतिसाद थांबणं आणि जाणीव जाणं यांची ही गल्लत मोठमोठे लोक करतात.

आणि हीच गल्लत ऑपरेशन थिएटरात जीवावर येऊ शकते, म्हणून आम्ही तिच्याबद्दल इतके काटेकोर असतो. आत काय होतं ते सांगतो.

पेशंट टेबलावर येतो, पल्स ऑक्सिमीटर लागतो, सलाईन चालू, मी त्याला काहीतरी विचारत असतो, घर कुठं, पोरं काय करतात. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दुधासारखं पांढरं असतं, शिरेतून जाताना हातात जळजळ होते, तो म्हणतो "डॉक्टर, हात जळून राहिला", आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात वाक्य मधेच तुटतं. मी पापणीच्या केसांवरून बोट फिरवतो, पापणी हलत नाही. श्वास पण बहुतेकदा थांबतो, मग तो मी देतो मास्कनं. म्हणजे बोलणं गेलं, ऐकणं गेलं, पापणी गेली, श्वास गेला, हृदय चालू. मग स्नायू सैल करायचं औषध आणि घशातून श्वासनळीत ट्यूब.

ट्यूब टाकताना मॉनिटरकडे पाहा. नाडी ऐंशीवरून एकशे दहाला उडते, बीपी चढतं. पेशंटला काही कळत नाहीये, उठल्यावर त्याला यातलं काही आठवणार नाही, पण शरीराला टोचलेलं समजलं आणि त्यानं उत्तर दिलं. याला आम्ही वेदना म्हणत नाही, इजेचा संदेश म्हणतो. वेदना ही कुणाला तरी होते, संदेश नुसता पोचतो. दुसरी क्षमता चालू, तिसरी बंद, एकाच छातीत. तुमच्या तक्त्याप्रमाणे हा पेशंट आता कोणत्या लेव्हलला आहे? झाड म्हणायचं का? पण झाडाला बीपी नसतं आणि हा अर्ध्या तासानं मला नाव सांगणार आहे.

आता उलटी केस. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाचा छोटा डोस दिलेला माणूस तुमच्याशी गप्पा मारतो, विचारलेल्याचं बरोबर उत्तर देतो, कूस बदला म्हटलं तर बदलतो, आणि संध्याकाळी शपथेवर सांगतो की मला तर कॉटवरून नेल्याचं पण आठवत नाही. त्याला त्या वेळी वाटत होतं, कळत होतं, फक्त नोंद झाली नाही. आठवण हा पाचवाच धागा आहे आणि तो जाणिवेला आपण समजतो तितका घट्ट बांधलेला नाही. केटामिन या भुलीच्या औषधाचं अजून वेगळं, डोळे उघडे असतात, बुबुळं हलत असतात, श्वास स्वतःचा, गिळणं चालू, हाक मारली तर उत्तर शून्य. बाहेरून पाहिलं तर आत कुणी नाही. जागा झाला की सांगतो, मी छताजवळ होतो, शरीर खाली पडलेलं दिसत होतं, रंगच रंग होते. म्हणजे प्रतिसाद नव्हता आणि अनुभव मात्र भरगच्च.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट एका कफची. टन्स्टॉल नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञानं १९७७ मध्ये ही युक्ती काढली. स्नायू सैल करायचं औषध द्यायच्या आधी एका हातावर बीपीसारखा कफ फुगवून ठेवायचा, म्हणजे औषध त्या हातापर्यंत पोचत नाही, सगळं अंग लुळं पण तो पंजा हलू शकतो. मग भूल चालू असताना कानाशी म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २६० पेशंटांपैकी १२ जणांनी ट्यूब टाकल्यानंतर हात दाबला. जागं झाल्यावर अशा लोकांना बहुतेकदा यातलं काही आठवत नसतं. आता यांना बेशुद्ध म्हणायचं का शुद्धीत? (हे वाचून कुणी उद्याचं ऑपरेशन कॅन्सल करू नका बावा. ब्रिटन-आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीत, २०१४ ची, भुलीत जाग आल्याचं नंतर सांगणारे साधारण १९ हजारांत एक निघाले, आणि आता वायूंचं प्रमाण मोजणारी यंत्रं प्रत्येक चांगल्या थिएटरात असतात.)

शुद्धीवर येताना क्रम साधारण ठरलेला असतो, आधी पोटातून स्वतःचा श्वास, मग गिळणं, मग ट्यूबवर खोकला, मग "डोळे उघडा" म्हटलं की पापण्यांची हालचाल, मग हात दाबणं, आणि ट्यूब काढल्यावर पहिला प्रश्न हमखास हा की "केव्हा चालू करून राहिले ऑपरेशन?" तीन तास गेलेत आणि त्याच्यासाठी एक क्षण पण गेलेला नाही. झोपेत तसं होत नाही, झोपून उठलेल्याला काही वेळ गेल्याचा अंदाज असतो. मांडूक्य उपनिषदातल्या सुषुप्तीशी, म्हणजे स्वप्नाशिवायच्या गाढ झोपेशी, भुलीची बरोबरी करणारे विचारतात म्हणून सांगतो, गाढ झोपेतल्या माणसाला हलवून उठवता येतं, माझ्या पेशंटला नाही, आणि भूल फार खोल गेली तर मेंदूचा आलेख मधेमधे सपाट होतो, तसं निरोगी झोपेत कधी दिसत नाही. तुरीयाबद्दल, म्हणजे तिथल्याच चौथ्या अवस्थेबद्दल, विचारलंय, त्याचा आकडा माझ्या मॉनिटरवर येत नाही.

मग मोजायचं कसं? तुम्ही तक्त्यात ग्लासगो कोमा स्केल टाकलाय, जाणिवेची मोजपट्टी म्हणून. १९७४ चा हा स्केल रोज वापरतो आम्ही, हेड इंज्युरीत त्याच्याशिवाय पान हलत नाही, पण तो मोजतो काय ते पाहा. डोळे उघडण्याला ४ पर्यंत, बोलण्याला ५ पर्यंत, हालचालीला ६ पर्यंत, आणि कमीत कमी बेरीज ३. म्हणजे सीताबर्डीच्या त्या दगडाला पण ३ मिळतात. हा प्रतिसादाचा स्केल आहे. २००६ मध्ये एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञानं आणि सोबत्यांनी एका तरुणीला मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅन मशीनमध्ये ठेवलं, अपघातानंतर ती महिनोन्महिने काहीच प्रतिसाद देत नव्हती, तिला सांगितलं की मनातल्या मनात टेनिस खेळा, आणि तिच्या मेंदूचा हालचाल ठरवणारा भाग निरोगी माणसासारखा उजळला. २०२४ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात अशा २४१ जणांपैकी, ज्यांच्याकडून बाहेरून काहीही उत्तर मिळत नव्हतं, ६० जणांच्या मेंदूनं सूचना पाळल्याचं दिसलं. चौघांत एक! कॉटशेजारी उभं राहून "याला काही समजत नाही" असं बोलायची सवय आपल्याकडे नातेवाइकांना आहे आणि स्टाफला पण आहे, ती सोडा.

एवढं सगळं माणसातच, जिथं उठल्यावर विचारता तरी येतं. प्राण्यांमध्ये तिसरी क्षमता शोधायची तर लोक न्यूरॉन मोजतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी न्यूरॉन आहेत, बरोबर. पण त्यातले जवळजवळ ६९०० कोटी मागच्या छोट्या मेंदूत, आणि छोटा मेंदू जन्मतःच नसलेली माणसं आहेत, चालताना झोकांड्या जातात, बोलणं अडखळतं, पण ती जागी आहेत, दुखतं, हसतात. म्हणजे संख्येनं काम होत नाही, जोडणी कशी आहे त्यानं होतं. वरच्या मेंदूत आणि त्याच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागात संदेश फिरून फिरून परत येतात, छोट्या मेंदूत ते बरेचसे एका दिशेनं निघून जातात. ऑक्टोपसचे सुमारे ५० कोटी न्यूरॉन, त्यातले बहुतांश हातांमध्ये, तिथं तर 'आत' म्हणजे नेमकं कुठं हेच ठरवायला बसावं लागतं.

खेकड्याबद्दल वेगळं विचारलंय. शंखात राहणाऱ्या खेकड्यांवर बेलफास्टमध्ये प्रयोग झाले, त्यांना शंखाच्या आत बारीक विजेचा झटका दिला. आवडता शंख असेल तर ते झटका सहन करून आत थांबतात, कमी आवडीचा असेल तर लवकर सोडून जातात. हे नुसतं गरम तव्याला हात लागून मागे येणं नाही, इथं दुखण्याची आणि घराची तुलना होतेय. अशा तीनशेहून जास्त अभ्यासांचा आढावा घेऊन ब्रिटननं २०२२ च्या कायद्यात खेकडे, झिंगे, ऑक्टोपस यांना वेदना जाणवणाऱ्यांत धरलं. मी पण धरतो. आणि ज्यांना हे हसण्यासारखं वाटतं त्यांनी आमच्याच धंद्याचा इतिहास आठवावा, १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनं जगातल्या मोठमोठ्या ठिकाणी अगदी कमी भुलीत व्हायची, कारण बाळाचा मेंदू कच्चा, त्याला कुठं दुखतं, आठवत तर नाही नं. कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरनं सोबत्यांसह १९८७ मध्ये दाखवलं की नीट वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी असतो आणि तब्येत पण चांगली राहते. तिथून पद्धत बदलली. बाळ रडून राहिलं होतं समोर, आणि शिकलेले लोक त्याला खालच्या पायरीवर उभं करून मोकळे झाले होते. जिन्याचा असा उपयोग होतो राजेहो, म्हणून मी जिन्यावर चिडतो.

चौथी क्षमता, स्वतःची जाणीव. गॅलप नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० मध्ये चिंपांझीला भूल देऊन (हो, आमचंच औषध) भुवईवर रंग लावला, जागा झाल्यावर आरशात पाहून तो स्वतःच्याच भुवईला हात लावतो, म्हणजे आरशातला मीच हे त्याला कळतं. हत्ती, डॉल्फिन, मॅगपाय पक्षी यांच्यात पण हे दिसलंय, २०१९ मध्ये एक बोटभर मासा पास झाला आणि कुत्रा मात्र नापास. आता ज्यानं कुत्रा पाळलाय तो ही परीक्षा मानेल का? कुत्र्याचं जग नाकात आहे, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वासात तो बरोबर फरक करतो. आरसा ही डोळ्यानं जगणाऱ्यांची परीक्षा आहे. त्यापेक्षा ऐतरेय आरण्यक या वैदिक ग्रंथातलं माप मला पटतं, तिथं म्हटलंय की झाडापाल्यात नुसता रस दिसतो, प्राण्यांत चित्त दिसतं, आणि माणूस उद्याचं जाणतो, बाकीच्यांना भूक-तहान तेवढीच कळते. उद्या माहीत असणं! ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटला झोप येत नाही ती यामुळेच, बैलाला येते.

पण ही चौथी क्षमता सगळ्यात वर ठेवायची का? मी नाही ठेवत. खुब्याचं हाड मोडलेली ऐंशीच्या पुढची आजी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस भ्रमात जाते, वॉर्डात हे नेहमीचं आहे. तिला आपण कोण, कुठं, साल कोणतं, समोरचा मुलगा आहे का चोर, काही कळत नाही, सलाईन उपसून टाकते. चौथी क्षमता जवळपास गेलेली. आणि भीती? भीती इतकी की ती तुमचा हात सोडत नाही. दुखणं तिसऱ्या क्षमतेत राहतं, चौथी असो नसो. मग दया, भूल, कायदा हे सगळं कोणत्या क्षमतेला बांधायचं ते तुम्हीच पाहा.

एआयचं थोडक्यात. तुमच्या तक्त्यात तो माणसाच्या लगेच खाली बसलाय कारण तो बोलतो, 'मला वाटतं' म्हणतो, स्वतःबद्दल विचारलं तर परिच्छेद लिहून देतो. चौथ्या क्षमतेचं बोलणं त्याला येतं, दुसरी भरपूर आहे, पहिली नाही, त्याला टिकून राहण्यासाठी स्वतःचं काही खर्चावं लागत नाही, भूक नाही, जखम नाही. आणि तिसरी आहे का ते त्याच्या बोलण्यावरून ठरत नाही, कारण ते बोलणं माणसांच्याच लिहिण्यातून आलंय. माझं मत आजच्या घडीला नाही असं आहे. जिन्यावर तो सहाव्या पायरीवर आणि खेकडा चौथ्या, माझ्या हिशोबात दुखवायला मी खेकड्याला जास्त घाबरतो.

शेवटी एक जागा अशी आहे जिथं आम्हाला रेघ मारावीच लागते, सही करून. मेंदूमृत्यू. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनेल, सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी. पेशंट व्हेंटिलेटरवर, अंग गरम, लघवी होतेय, नातेवाईक म्हणतात "छाती वरखाली होऊन राहिली नं डॉक्टर, मग मेला कसा?" प्रश्न एकदम बरोबर असतो, त्यांना पहिली क्षमता दिसत असते. आम्ही तपासतो ते असं, डोळ्याच्या बाहुलीवर टॉर्च, बुबुळाला कापसाचा बोळा, कानात बर्फाचं पाणी, घशात कॅथेटर घालून खोकला येतो का, कपाळावर जोरात दाबून चेहरा हलतो का, आणि सगळ्यात शेवटी भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर सोडवायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर जाईपर्यंत छातीकडे पाहत उभं राहायचं. त्या पातळीला मेंदूच्या देठात जीव असेल तर श्वास येतोच. आला नाही तर नाही. फॉर्मवर 'पातळी' असा एक आकडा लिहायची जागा नसते, प्रत्येक चाचणीची वेगळी ओळ असते आणि प्रत्येकीपुढं वेगळं उत्तर.

तुमचा तक्ता पण तसाच करा. उभ्या ओळीत वस्तू, आडवे चार रकाने, आठवणीचा पाचवा हवा असेल तर टाका, आणि घरात हो, नाही, किती पुराव्यावर, एवढंच लिहा. शेवटी बेरीज करू नका. भूल दिलेल्या माणसाला, भ्रमातल्या आजीला आणि मेंदूमृत पेशंटला वेगळ्या ओळी द्या, 'माणूस' म्हणून एकच ओळ ठेवू नका. विषाणूच्या ओळीवर आपलं भांडण होणार हे दिसूनच राहिलंय, मी पहिल्या रकान्यात 'पेशीत असेपर्यंत' असं लिहीन.